गोठा उतरवला, ताडपत्री उरली : पंचवीस तारखेच्या नोंदी, २०२४

शेजारच्या दोन वाड्यांतल्या पोरांनी विचारलं, तुम्ही वर्षभर काय केलंत ते सांगा, आम्हालाही करायचंय. तोंडी सांगायला गेलो की मी चुका गाळतो, हे माझ्या लक्षात आलंय. म्हणून वहीत होतं तेच इथे उतरवतोय. काही ठिकाणी भाषा सुधारलीय, आकडे तेच आहेत. माझं वायरिंग आणि मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. इगर्जीतल्या (चर्चमधल्या) नाताळच्या रोषणाईचं काम अठरा वर्षं माझ्याकडेच आहे, त्यामुळे या सगळ्याची सुरुवातही माळा सोडवताना झाली.

८ जानेवारी

काल तीन राजांचा सण झाला, आज प्रभूच्या बाप्तिस्म्याचा. म्हणजे नाताळचा काळ संपला. संध्याकाळी गोठा (येशूच्या जन्माचा देखावा) उतरवला. बांबू १४, पेंढा दोन भारे, ताडपत्र्या ३, माळा २२ (चालू १५), प्लायवूडचा तारा १.

खर्च जुळवला तर गोठा आणि तारा मिळून ३१,४०० रुपये. दरवर्षी वीस हजारांच्या आत असतो. या वेळी संत फ्रान्सिसने ग्रेच्चो गावात पहिला गोठा मांडला त्याला ८०० वर्षं झाली (१२२३), म्हणून सगळ्यांना जोर आला होता. त्याने तिथे गवत पसरलं आणि बैल-गाढव उभे केले, एवढंच. आमच्याकडे धबधबा होता, मोटर लावून. मोटर मीच लावली होती, म्हणून दुसऱ्या कोणाला बोलत नाही.

विहिरीकडची माय पेंढा न्यायला आली. दरवर्षी येते, तिची गाय आहे. आज पेंढा घेऊन घुटमळत राहिली. मग म्हणाली, "ती ताडपत्री माका देशात काय?"

मी म्हटलं, आता जानेवारीत कित्याक?

"जूनात मागलंय तर कोण देतलो?"

तिचं छप्पर गळतं. आमच्या गोठ्यावर पाऊस पडायचा प्रश्नच नव्हता, तरी नवी ताडपत्री घातली होती, कारण निळा रंग रात्रीच्या आभाळासारखा दिसतो. तिला तिन्हीतली चांगली दिली.

रात्री आम्ही आठ जण पायरीवर बसलो. ठरलं ते असं: दर महिन्याच्या पंचवीस तारखेला एका घरी जायचं, त्या घराला लागेल ते करायचं. माणशी महिना १०० रुपये. डबा माझ्या दुकानात. गोठ्याचे उरलेले २,९०० त्यात टाकले.

२५ जानेवारी

फसलं. आठही जण गेलो, सहा घरी. "एका घरी" ठरलं होतं ते पहिल्याच महिन्यात विसरलो. हातात केक, कोणीतरी फोनवर फोटो काढतंय. प्रत्येक घरी सात-आठ मिनिटं.

तिसऱ्या घरी म्हातारी एकटीच असते. आम्हाला बघून तिने मागच्या दाराने शेजारच्या पोराला दुकानात पिटाळलं. पोरगं बिस्किटाचे दोन पुडे आणि दुधाची पिशवी घेऊन आलं. चहा होईपर्यंत आम्ही उभेच, कारण घरात खुर्च्या दोन. केक आमचा १२० रुपयांचा. तिचा खर्च निदान साठ-सत्तर तरी झाला असेल.

बदल: यापुढे दोघांनीच जायचं. फोटो बंद. हात हलवत गेलं तरी चालेल, पण बसायचं.

२ फेब्रुवारी

मेणबत्त्यांचा सण. नाताळला चाळीस दिवस झाले. चालू माळांपैकी तीन घेऊन वरच्या वाडीच्या जांभ्याच्या पायऱ्यांवर लावायला गेलो, तिथे संध्याकाळी म्हातारी माणसं चाचपडत उतरतात. लावून झाल्यावर माझं मलाच कळलं की हा मूर्खपणा आहे. या माळा घरात लावायच्या, तार केसासारखी, जोड उघडे. पहिल्या पावसात कोणीतरी चिकटला असता. काढल्या. त्याऐवजी ९ वॅटचे दोन एलईडी दिवे, पाणी न शिरणाऱ्या होल्डरमध्ये, वीज शेजारच्या घरातून त्यांच्या परवानगीने. ५४० रुपये, माझ्या दुकानातून. दुसरा कोणी करत असेल तर हेच सांगेन: सणाची माळ सणापुरतीच.

१४ फेब्रुवारी

राखेचा बुधवार, ईस्टरआधीचा उपासकाळ सुरू. दोघांनी विचारलं, उपासकाळात नाताळ कसला चालवताय? फादरना विचारलं. ते म्हणाले, उपासाचे वाचतील ते पैसे डब्यात टाका. चर्चा तिथेच संपली.

२५ फेब्रुवारी

रविवार. मिस्सानंतर मेस्त्रीला घेऊन मायच्या घरी. माय ७४ वर्षांची, मुलगा मुंबईला, मुलगी गोव्यात. घर मातीच्या भिंतींचं, वर मंगळुरी कौलं.

छप्पर दोन्ही पाखी (उतरत्या बाजू) मिळून ४२० चौरस फूट. शंभर फुटांना साधारण दीडशे कौलं धरतात, म्हणजे ६३०. मेस्त्रीने आतून वर बघत, काठीने टकटक करत मोजलं: फुटकी किंवा तडकलेली १७०. वासे पाच वाळवीने खाल्लेले. रिपा (कौलांखालच्या लाकडी पट्ट्या) बऱ्याच बदलायच्या. अंदाज १४,५०० रुपये, जुनी कौलं मिळाली तर. जुनी कौलं मिळतात, कारण सगळे स्लॅब घालतायत. आठ रुपयाला एक.

माय म्हणाली, एवढं नको, फक्त चुलीवरचं गळतं तेवढं करा. मेस्त्री हसला. चुलीवर जे गळतं ते आढ्याजवळून, छपराच्या माथ्यावरून येतं.

काम २५ मार्चला सुरू करायचं ठरलं. प्रभूच्या आगमनाच्या संदेशाचा सण, नाताळच्या बरोबर नऊ महिने आधी. मला फार आवडला होता हा योग.

२५ मार्च

काम झालं नाही. आज धुळवड. मेस्त्री, त्याचा गडी, सुतार, सगळे शिमग्यात. पालखी घरोघर फिरतेय. मेस्त्री म्हणाला, तुमका ठावक नाय? ठावक होतं, पण मी इगर्जीचंच कॅलेंडर बघत होतो. आणि तेही नीट नाही. या वर्षी २५ मार्च पवित्र आठवड्यात आला, म्हणून तो सणच ८ एप्रिलला ढकललाय. दोन्हीकडून चुकलो.

१ एप्रिल

काल ईस्टर. उपासकाळाचा डबा उघडला: ४,३५०. सर्वांत जास्त चिल्लर.

८ एप्रिल

सुरू केलं. सकाळी सातला मागचं पाखं उतरवायला घेतलं. एक जण वर, दोघे शिडीवर, बाकीचे खाली रांगेत, कौल हातोहात. माय अंगणात खुर्चीवर बसून प्रत्येक कौल झाडूने साफ करून लावत होती. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

एका कौलाच्या पाठीवर बाझेल मिशनचा शिक्का आणि १८६५. पोरं खूश, म्हणाली दीडशे वर्षांचं कौल. ते साल कारखाना सुरू झाल्याचं आहे, कौलाचं नाही. स्विस-जर्मन मिशनऱ्यांनी मंगळुरात काढलेला कारखाना. कौल किती जुनं ते माय सांगू शकली: तिच्या सासऱ्याने घातलेली कौलं. ते न तडकलेलं होतं. बाजूला ठेवलं.

आता मोठी चूक. जुनी कौलं शोधण्याचा कंटाळा म्हणून मी आधीच २०० नवी आणून ठेवली होती, ३४ रुपयाला एक. मेस्त्रीने एक नवं आणि एक जुनं शेजारी ठेवून दाखवलं. "ही कौलां त्या कौलांत बसाची नाय." कारखाना वेगळा, खाच वेगळी. फरक जेमतेम बोटाच्या पेराएवढा, पण तेवढ्यातून पाणी आत येतं.

दुकानदार परत घेईना, उतरवलेला माल म्हणून. उपाय मेस्त्रीने काढला: मागचं पूर्ण पाखं नव्या कौलांचं करायचं आणि तिथली चांगली जुनी पुढच्या पाख्याला वापरायची. म्हणजे आणखी १२० नवी विकत घ्यायची. एकूण ३२०, रुपये १०,८८०. आठ रुपयेवाली १७० आणली असती तर १,३६० मध्ये भागलं असतं. विकत घेण्याआधी घरातलं एक कौल सोबत न्या. मी सांगतोय ते साडेनऊ हजारांचं शहाणपण आहे.

९ एप्रिल

गुढीपाडवा. मेस्त्री येणार नाही. मी पुन्हा विसरलो. मागचं पाखं उघडं. मायची ताडपत्री, म्हणजे आमच्या गोठ्याचं आभाळ, वर टाकून बांधली. ती रात्री मुलीकडे जायला तयार नव्हती, गाय आहे. त्याच घरात झोपली.

१३ एप्रिल

वासे. विकत घ्यायला गेलो असतो तर बजेट मेलंच होतं. शेजारच्या दादांनी (घरात गणपती, देवळाच्या कमिटीवर आहेत) मागच्या वर्षी फणस तोडला होता, त्याचं लाकूड दिलं. पैशाचं विचारलं तर म्हणाले, मायने माझ्या पोरांना भाजलेल्या काजी खायला घालून मोठं केलंय. गिरणीत कापायचे ९००.

वाळवीसाठी लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल लावतात, आमच्याकडे सगळे लावतात. एका पोराने हातमोजे न घालता फडका बुडवला. हे तेल कातडी भाजतं. संध्याकाळपर्यंत तीन बोटांवर फोड. आठवडाभर त्याचा उजवा हात कामातून गेला, बारावीची परीक्षा संपली होती हे नशीब. हातमोजे ६० रुपयांचे होते, दुकानातच होते. माझ्या.

२५ एप्रिल

मेस्त्री दुसऱ्या कामावर. एप्रिल-मे हा शाकारणीचा हंगाम, ज्याचे पैसे जास्त त्याच्याकडे तो आधी. आम्ही त्याला दोष देऊ शकत नाही, पोट त्यालाही आहे. आढ्याचे कोने (माथ्यावरची कौलं) बसवायचे राहिलेत.

७ मे

मतदान. काम बंद.

१६ मे

रात्री वळीव. कोने नाहीत, म्हणजे आढ्याच्या रेषेत उघडं. ताडपत्री आम्ही काढून अंगणात घडी घालून ठेवली होती, "आता काय, झालंच की" म्हणून. पाणी सरळ मायच्या तांदळाच्या डब्यावर. १० किलो तांदूळ भिजला.

सकाळी गेलो तर ती तांदूळ सुपात पसरत होती. आम्हाला बघून म्हणाली, बरा झाला, आता सान्नांसाठी वाटूक होयो. (सान्नां म्हणजे तांदळाचा इडलीसारखा पदार्थ.) ती थट्टा करत होती की सांभाळून घेत होती मला कळलं नाही. नवा तांदूळ दिला, ४८०. छप्पर दुरुस्त नव्हतं तेव्हा तिला डबा कुठे ठेवायचा ते माहीत होतं. आम्ही दुरुस्त करायला घेतल्यावर तिने जागा बदलली होती.

१९ मे

कोने बसले. चार दिवसांचं काम, बेचाळीस दिवस. हिशेब: कौलं १०,८८०, टेम्पो दोन फेऱ्या २,१००, गिरणी ९००, मेस्त्री ५,०००, गडी ३,०००, रिपा २,६००, सिमेंट ४००, तेल ४५०, तांदूळ ४८०. एकूण २५,८१०.

जमा: डबा चार महिन्यांचा ३,२००, गोठ्याचे २,९००, उपासकाळ ४,३५०, इगर्जीतून ५,०००. एकूण १५,४५०. कमी १०,३६०. सहा हजार मी घातले, ४,३६० उधारी.

१४५ चांगली जुनी कौलं उरलीत. मायच्या पडवीत रचलीत, पुढच्या घरासाठी.

३१ मे

मारियेच्या एलिझाबेथ-भेटीचा सण. मे महिन्यातलं शेवटचं लदीन (सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रार्थना) खुरसाजवळ (क्रुसाजवळ) झालं, उकडलेले चणे वाटले. फादर दोनच मिनिटं बोलले. मारिया डोंगराळ भागात गेली ती म्हातारपणी गरोदर राहिलेल्या नातलगाकडे, आणि लूक लिहितो की सुमारे तीन महिने राहिली. आम्ही जानेवारीत सात मिनिटं थांबलो होतो.

पोरींनी यावर काहीतरी ठरवलंय. मला सांगितलेलं नाही.

२५ जून

काल योहान बाप्तिस्त्याचा जन्मदिवस, म्हणजे नाताळ अजून सहा महिने लांब. पाऊस जोरात. मायकडे गेलो, एका ठिकाणी थेंब. कौलांतून नाही, उजेडासाठी घातलेल्या काचेच्या कौलाच्या बाजूने. ते नव्या कौलांत नीट बसलेलं नाही, खाचेचीच भानगड. ओल्या कौलांवर चढायचं नाही हे मेस्त्रीने बजावलंय, म्हणून खाली टोप ठेवला. उघडीप मिळाल्यावर ३० तारखेला काढून तिथे साधं कौल घातलं. खोली अंधारली. माय म्हणते, गळण्यापेक्षा काळोख बरा. मला हे पटलेलं नाही, ऑक्टोबरात बघू.

पोरींचं कळलं. खालच्या वाडीतल्या एका काकांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जावं लागतं. चार तास यंत्राला. बरोबर बायको जायची, तिचे गुडघे गेले. या तिघी पाळीपाळीने जातात. पंचवीस तारीख वगैरे काही नाही. डब्यातून फक्त एसटीचं तिकीट घेतात.

२५ जुलै

भांडण. काका आपले नाहीत, डबा आपला आहे, असं दोघांचं म्हणणं. आपल्यातच किती गरजू आहेत. मुद्दा खोटा नाही, आहेतच. पण दादांचा फणस घेताना हे कोणी बोललं नव्हतं. येशूच्या जन्माची पहिली बातमी रानात रात्रपाळी करणाऱ्या मेंढपाळांना मिळाली, तेव्हा ते कोणाचे होते? हे मी जरा चढ्या आवाजात बोललो, नको होतं. दोघे बाहेर पडले. आता सहा. महिना २०० रुपये कमी.

मासेमारीची बंदी ३१ ला उठतेय, म्हणून खालच्या वाडीतले सगळे जाळी दुरुस्तीत. कोणाला बोलवायची सोय नाही.

२५ ऑगस्ट

काहीच झालं नाही. मी दुकानात, बाकीचे आपापल्या. ही नोंद पान रिकामं राहू नये म्हणून.

८ सप्टेंबर

मारियेचा जन्मदिवस, काल गणेश चतुर्थी. परवा रात्री दादांचा फोन: माटवीवरच्या (गणपतीवर बांधतात त्या चौकटीवरच्या) माळा एकदम गेल्या, तू येतोस काय? गोठ्याच्या सहा माळा नेल्या. बिघाड त्यांच्या बोर्डातला होता, न्यूट्रल ढिला. दीड तास. काल मोदकांचा डबा आला. (गणपती गेल्यावर माळा परत आल्या, एक जळलेली. त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.)

कौलांची उधारी या महिन्यात फिटली. माझे सहा हजार अजून नाहीत.

२५ ऑक्टोबर

बाहेर पडलेल्या दोघांतला एक आज काचेचं कौल घेऊन आला. त्याने स्वतःच नव्या कौलांच्या कारखान्याचं मागवलंय, खाच जुळणारं. जाताना एक कौल नमुन्याला नेलं होतं म्हणाला. आम्ही दोघांनी मिळून बसवलं. जुलैचा विषय निघाला नाही. मायने दोघांना एका बशीत भाजलेल्या काजी दिल्या, त्यामुळे निघणं शक्यही नव्हतं. चुलीजवळ पुन्हा उजेडाचा चौकोन पडतो.

२४ नोव्हेंबर

नाताळची बैठक. मागच्या वर्षीचे ३१,४०० आणि छपराचे २५,८१० मी फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले. लिहायला नको होते. थोरले लोक दुखावले: आम्ही नाताळ करूच नये काय? गावात तारा बघायला मुंबईची माणसं येतात, पोरांचा तो आनंद आहे, तोही खराच. एक तास गेला. शेवटी ठरलं: तारा बांबू आणि कागदाचा, घरीच बनवायचा. गोठा लहान, धबधबा नाही. खर्चाची मर्यादा १२,०००. उरलेलं पुढच्या छपरासाठी. धबधब्याची मोटर मी विकत घेतली, अर्ध्या किमतीत. परसातल्या झाडांना पाणी घालते.

१ डिसेंबर

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार. बांबू गेल्या वर्षीचे १४ होते, चार वाळवीने खाल्ले. ठेवताना तेल लावलं नव्हतं.

१५ डिसेंबर

तारा टांगला. वाऱ्याने कागद दोनदा फाटला. तिसऱ्यांदा पतंगाच्या कागदाऐवजी जुन्या छत्रीचं कापड लावलं, तेव्हा टिकला. छत्री काळी होती. आतून पिवळा दिवा लावला तरी तारा काळसरच दिसतो. मुंबईची माणसं काय म्हणतील ते म्हणोत.

२४ डिसेंबर

संध्याकाळी साडेसहाला माय इगर्जीत आली. डोक्यावर घडी केलेली ताडपत्री, हातात नेवऱ्यांचा (करंज्यांचा) डबा. ताडपत्री माझ्या हातात ठेवली. "धर. सुकवन ठेवलंय. आता दुसऱ्या कोणाक तरी दी."

घडी चार पदरी, कडा कडेला जुळवलेल्या. सुंभाने बांधलेली. आत वाळलेला कडुलिंबाचा पाला घातला होता, कसर लागू नये म्हणून. मी म्हटलं, ठेव ना, पुढच्या पावसाला लागेल. ती म्हणाली, "माझा आता गळणा नाय."

नेवऱ्या मोजून आणल्या होत्या. आठ. आम्ही सहा आहोत हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं होतं. उरलेल्या दोन पोहोचवून आलो.

गोठ्यावर या वेळी ताडपत्री घातली नाही. उघडून बघितली: दोन भोकं, एक बोटाएवढं, एक रुपयाएवढं, दोन्ही एकाच बाजूला. सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि रबर सोल्यूशन लावलंय. रात्रभर दाबून ठेवायला वर १८६५ चा शिक्का असलेलं कौल ठेवलंय. वरच्या वाडीतल्या एका घराचं छप्पर बघून आलोय, तिथली कौलं नव्या खाचेची आहेत, म्हणजे पडवीतली १४५ तिथे चालणार नाहीत. ताडपत्री चालेल.